फुवांचा दालचिनी पाव

फुवांच्या चहात चमचा उभा राहतो, असं माझी फुई म्हणायची आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. आमच्या खानदेशात आत्याला फुई म्हणतात आणि तिच्या नवऱ्याला फुवा. हे फुवा एसटीत ड्रायव्हर होते. चहा ते पीत नसत, खात. कप संपला की तळाची साखर बोटाने पुसायची, मग बशी पुसायची, मग बोट. आमरसात गूळ, श्रीखंडावर साखर, हे तर झालंच. पण पिठल्यात गूळ कुस्करणारा माणूस मी त्यांच्याशिवाय दुसरा पाहिला नाही.

फुई अगदी उलट. ती कोरीट गावची, मिरचीच्या शेतात वाढलेली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वर कच्च्या तेलाची धार, एवढं मिळालं की तिचं पंचपक्वान्न झालं. लग्नातसुद्धा ती जिलबीचं ताट पुढे सरकवून द्यायची. “गोड काय खानं? जिभले काय काम नही ऱ्हात,” असं तिचं मत. दोघांचा संसार तीसेक वर्षं एकाच स्वयंपाकघरात कसा चालला, हे मला कोडंच होतं. मी नंदुरबारात विमा कार्यालयात नोकरीला लागलो तेव्हापासून दुपारचा जेवायला त्यांच्याकडेच असे. माझ्या एका बाजूला ठेचा यायचा आणि दुसऱ्या बाजूने गुळाचा खडा. दोघंही मला आपापल्या पक्षात ओढत असत.

निवृत्तीनंतर फुवांच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या. तहान लागे ती भागेना. शेवटी फुईने त्यांना डॉक्टरकडे नेलं. मी सोबत होतो. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, “काका, गोड खाता का?”

फुवा शांतपणे म्हणाले, “मी नही खात साहेब. घरमा ऱ्हास म्हनीसन खवाई जास.”

“डॉक्टरसाहेब,” फुई म्हणाली, “यासले इचारू नका. माले इचारा.” आणि तिने पहाटेच्या चहापासून निजतानाच्या दुधापर्यंत जे काही सांगितलं, ते ऐकताना डॉक्टरांनी चष्मा पुन्हा लावला.

त्या दिवसापासून साखरेचा डबा कुलपात गेला आणि किल्ली फुईच्या कमरेला. फुवांनी तक्रार केली नाही. उलट ते इतके शहाण्यासारखे वागू लागले की फुईला संशय आला. एका सकाळी ती अंगण झाडत होती, तर मुंग्यांची एक रांग फाटकातून आत येऊन स्कूटरवर चढताना दिसली. फुई रांगेमागे गेली. डिकी उघडली. आत गुळाची अख्खी भेली, आणि ती पुसायच्या फडक्यात गुंडाळलेली. “चोर धराले पोलीस नही लागतस,” ती मला दुपारी सांगत होती, “मुंग्या लागतस.” फुवा खाली मान घालून बिनसाखरेचा चहा पीत बसले होते. प्रत्येक घोटाला असा चेहरा करत, की पाहणाऱ्याला वाटावं, काढाच चाललाय.

दिवाळीला विद्याताई आली. ही त्यांची एकुलती एक मुलगी, पुण्याला नोकरीला. तिने येताना एका बेकरीतून खोका आणला होता. झाकण उघडलं आणि ओसरीवरून फुवा आत आले. हाक मारावी लागली नाही.

“काय शे हाई?”

“सिनॅमन रोल, बाबा. तुमच्यासाठी नाहीत.”

“सिनॅमन म्हंजे?”

“दालचिनी.”

फुवा थबकले. मग आत जाऊन चष्मा आणि मोबाइल घेऊन आले. निवृत्त ड्रायव्हरांच्या ग्रुपवर कुणीतरी एक मेसेज टाकला होता. तो त्यांनी उभ्या उभ्या, कोर्टात निकाल वाचावा तसा मोठ्याने वाचला. दालचिनीने रक्तातली साखर उतरते, असं त्यात लिहिलं होतं. “म्हंजे औषध शे,” फुवा म्हणाले. विद्याताईने कपाळाला हात लावला. “अहो बाबा, त्याच्यात साखर किती असते!” त्यावर फुवांचं उत्तर तयार होतं. “साखर चढावस, दालचिनी उतारस. चढाव तितका उतार. गाडी लेव्हलमा.” फुई ओटा पुसून येईपर्यंत खोक्यात एकच रोल उरला होता, आणि तोही फुवांनी तिच्यासाठी ठेवला होता असं नाही. विद्याताईने खोका डोक्यावर धरला होता म्हणून तो वाचला.

पण गंमत पुढेच आहे. फुवांना तो पाव आवडला हे खरंच, पण तो घरी कसा होत असेल हा प्रश्न त्यांच्या डोक्यात जाऊन बसला. विद्याताई पुण्याला परतल्यावर रोज तिला फोन. पिठात काय? किती मळायचं? मध्ये दालचिनी जाते कशी? शेवटी कंटाळून तिने त्यांना एक व्हिडिओ पाठवला. फुवांनी तो इतक्या वेळा पाहिला की व्हिडिओतल्या बाईचं इंग्रजी फुईलाही पाठ झालं. फुईने परवानगी दिली ती एका अटीवर. “करानं ते करा. पन खावाना एकच तुकडा.” फुवांनी लगेच मान डोलावली. एवढ्या लगेच, की तुकडा केवढा हे आधी ठरवायला हवं होतं, हे फुईच्या नंतर लक्षात आलं.

दालचिनी आली शेजारच्या शेठजींकडून. त्यांचं किराण्याचं दुकान. मूळ राजस्थानचे जैन, पण जन्म इथला, त्यामुळे अहिराणी माझ्यापेक्षा बरी. खमीर मात्र त्यांच्याकडे नव्हतं. मग दिवाळीत जिथे सगळ्या गल्लीतल्या बायका नानकटाई भाजायला नेतात, त्या बेकरीत फुवा गेले आणि कागदाच्या पुडीत खमीर घेऊन आले. पुडी शर्टाच्या वरच्या खिशात, आणि वर हात ठेवलेला. जुन्या काळी पगार तसा आणत असत.

पहिला घाणा घातला तो भर मे महिन्यात. व्हिडिओतली बाई म्हणत होती, पीठ उबदार जागी ठेवा. मे महिन्यातल्या नंदुरबारात उबदार नसलेली जागा शोधावी लागते, पण फुवांनी आज्ञा पाळली. पातेलं गच्चीवर नेलं आणि वारा लागू नये म्हणून वर फुईची गोधडी पांघरली. थोड्या वेळाने फुई कुरडया उलटायला वर गेली. पाहते तर गोधडी श्वास घेतेय. हळूहळू फुगतेय, एका कडेने वर उचलली जातेय.

“अहो!” ती ओरडली, “गोधडीमा कोनी शे!”

खालून फुवांचा आवाज आला, “उठाडू नको त्याले! झोपू दे!”

शेठजींच्या गच्चीवरच्या बायका कठड्याशी आल्या. पुढे आठवडाभर गल्लीत चर्चा होती की फुवांनी गच्चीवर कुणाला तरी लपवलं आहे.

तो पहिला पाव त्यांनी शिट्टी काढलेल्या कुकरमध्ये, मिठाच्या थरावर भाजला. बाहेरून काळा कुळकुळीत, आतून पातळ. फुवांनी सुरीने कापून पाहिला आणि स्वतःच निकाल दिला, “वर सातपुडा, मधमा तापी.” पण ते हरले नाहीत. तोरणमाळच्या घाटात त्यांनी कित्येक वर्षं बस चढवली होती. घाटाचा विषय निघाला की ते म्हणत, “घाटमा घाई करस तो वर पोचत नही, आन् घाबरस तो निंघतच नही.” पावालाही त्यांनी तोच नियम लावला. दुसरा, तिसरा, पुढचे किती कोण जाणे, सगळे आम्ही चहात बुडवून, दुधात बुडवून, एकदा तर फुईने वरणात बुडवून संपवले. आणि एका दिवशी कुकरचं झाकण उघडलं तर आत सोनेरी, गुंडाळी-गुंडाळीचा, दालचिनीचा दरवळ सोडणारा पाव बसला होता. फुवा त्याच्याकडे बघत राहिले. कापेनातच. “जरा बसू दे,” पाहुणा दारात आल्यासारखं म्हणाले, “आतेच उनाय.”

त्यांचं पहिलं गिऱ्हाईक शेठजी. शेठाणीबाई त्या पावाला हात लावत नसत. खमिरात जीव असतात, ते चालत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. शेठजींचंही तेच मत होतं, पण घरात. दुकानात पोत्यामागे बसल्यावर ते जरा मवाळ होत. मात्र सूर्य मावळल्यावर ते काही खात नसत, त्यामुळे पाव त्याआधी पोहोचला पाहिजे. फुवा मग दुपारपासून आभाळाकडे बघत. उशीर होतोय असं वाटलं तर कुकरशी बोलत, “चाल लवकर, दिन बुडी ऱ्हायना.” आयुष्यभर वेळापत्रकावर गाडी काढलेल्या माणसाला पुन्हा वेळापत्रक मिळालं होतं, आणि त्या आनंदात ते चालतानाही जरा तरुण दिसू लागले.

विद्याताईने मग पुण्याहून विजेची छोटी भट्टी पाठवली. तिला पुढे काच, आत दिवा. फुवा तिच्यासमोर खुर्ची टाकून बसत आणि पाव फुगताना बघत. “नवा टीव्ही लयना शेतस,” फुई शेजारणींना सांगे, “एकच चॅनेल शे.” एकदा पाव अर्धा झाला असताना वीज गेली. फुवांनी वीज कार्यालयाला फोन लावला आणि म्हणाले, “साहेब, लवकर लाईट द्या, मन्हा पेशंट मधमा शे.” तिकडचा माणूस घाबरला. कुठलं हॉस्पिटल, विचारू लागला. फुवांनी घाईघाईने फोन ठेवला.

एका तुकड्याच्या अटीचं काय झालं? ती अट फुवांनी मोडली नाही, रुंद केली. पावाच्या कडा कापाव्या लागतात, नाहीतर तुकडे सारखे होत नाहीत, असं त्यांनी ठरवून टाकलं. कडा म्हणजे तुकडा नव्हे. सुरीला लागलेलं म्हणजे तुकडा नव्हे. भांड्याला चिकटलेलं खरवडून खाल्लं तर ती भांड्यांची स्वच्छता. फुई हे सगळं बघत होती, बोलत होती, भांडत होती. तिचं भांडण हे त्या घरातलं घड्याळ होतं. आम्हाला त्यात काळजीसारखं काही वाटलंच नाही.

मग एका सकाळी फरशी पुसताना फुईला फरशीवर ओले डाग दिसले. भट्टीपासून न्हाणीपर्यंत, एका पायाचे. तिने फुवांना विचारलं, ते म्हणाले, पाणी सांडलं. तिने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि पाय हातात घेतला. डाव्या पायाच्या अंगठ्याशेजारचं बोट सुजून काळं पडलं होतं आणि त्यातून पाणी गळत होतं. चार-पाच दिवसांपूर्वी पावाचा गरम डबा पायावर पडला होता. फुवांना ते फारसं कळलंच नव्हतं. साखरेने पायांची जाणीव कधीच नेली होती. आणि जे थोडं कळलं होतं ते त्यांनी लपवलं होतं, कारण फुई भट्टी बंद करेल.

डॉक्टरांनी पाय पाहिला आणि लगेच सुरतेला न्यायला सांगितलं. गाडी ठरवली. फुवा पुढे, फुई आणि मी मागे. नवापूरपर्यंत फुवांनी ड्रायव्हरला सुखाने गाडी चालवू दिली नाही. तो गिअर बदलायला गेला की इकडे फुवांचा तो सुजलेला पाय खाली दाबला जाई. “फुवा, पाय हलवू नका!” मी ओरडे. “मंग त्याले सांग ना,” ते म्हणत, “अर्धाच क्लच दाबी ऱ्हायना तो!” मी हसलो. ड्रायव्हरही हसला. फुई हसली नाही. ती खिडकीबाहेर बघत होती. बोलली नाही, रागावली नाही, साधं “गप बसा” सुद्धा म्हणाली नाही.

बोट काढावं लागलं. बाकीचा पाय वाचला. शुद्धीवर आल्यावर फुवांनी पहिल्यांदा पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, “जाऊ दे. क्लचना पाय शे. आते कोनले गिअर बदलना शे?” पण फुई पाण्याचा तांब्या भरायला बाहेर गेली तशी त्यांनी मला जवळ बोलावलं. आवाज अगदी खाली आणला.

“भाऊ, तुन्ही फुई काल्हथीन एक शब्द बोलनी नही.”

“थकलीय ती.”

“नही. ती थकस तवं जास्त बोलस. माले भेव वाटी ऱ्हायना.”

तोरणमाळच्या घाटात दरडीखालून बस काढलेला हा माणूस. बोट कापलं तरी घाबरला नव्हता. फुई परत आली तेव्हा त्यांनी तिला सांगितलं, यापुढे गोडाचा कण तोंडात घालणार नाही. कडाही नाही. भांडंही नाही. भट्टी शेठजींना देऊन टाकू, असंही म्हणाले.

फुईने तांब्या ठेवला. “भट्टी कसाले देतस?” ती म्हणाली. एवढ्या वेळात तिचे हे पहिले शब्द. “करा तुमी. खाई मी लेसू.”

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी ती बाजारातून मऊ रबरी चपला घेऊन आली. फुईच्या स्वयंपाकघरात चपला घालून पाऊल टाकायची कुणाची छाती नव्हती. एकदा पाहुण्याला तिने दारातून परत पाठवलं होतं. त्या चपला तिने स्वतः भट्टीपुढे ठेवल्या. “घाला,” म्हणाली. फुवांनी घातल्या. मी पाहिलं, फुवा त्या दिवशी कणीक मळताना पुन्हापुन्हा पायांकडे बघत होते.

आणि मग त्या घरात एक वेगळाच कारभार सुरू झाला. फुवा पाव करत आणि फुई खाई, जिने आयुष्यात आवडीने गोडाला तोंड लावलं नव्हतं. फुवा समोर बसत. तिचा जबडा जसा हलेल तसे त्यांचे डोळे हलत.

“कसं लागस?”

“पावसारखं.”

“अवं पन कसं? नीट सांग ना!”

“गोड शे.”

“गोड म्हंजे? गुळसारखं का साखरसारखं? आधी दालचिनी लागस का मांगथीन?”

पहिले काही दिवस फुई रडकुंडीला आली. ठेच्याबद्दल ती तासभर बोलू शकली असती, पण गोडासाठी तिच्याकडे शब्दच नव्हते. मग तिने आपले शब्द आणले. एकदा म्हणाली, “वरथीन पापडसारखं शे, मधमा पारडूना कानसारखं मऊ.” फुवांनी डोळे मिटले. एकदा म्हणाली, “आज दालचिनी जरा उभी ऱ्हायनी. मिरचीनी पथारी लांबथीन वास देस ना, तशी.” नंदुरबारच्या बाहेर मैदानांवर मिरच्या वाळत घातलेल्या असतात, त्यांचा वास वाऱ्याबरोबर शहरात येतो आणि नाकाच्या शेंड्यावर थांबतो. तसं तिला म्हणायचं होतं. फुवांना ते लगेच कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दालचिनी कमी केली. पण फुई खोटं कधी बोलली नाही. बिघडलं तर बिघडलं म्हणे, आणि तोंड वाकडं करून सांगे. फुवांना तेच हवं असायचं. “शेठजी वाईट सांगतस नही,” ते मला म्हणाले, “त्यासनं काय खरं? तुन्ही फुईनं खरं.” विद्याताईला फोन झाला की फुवा पाव कसा झाला ते सांगत, फुईच्याच शब्दांत, पारड्याच्या कानासकट, जणू आपणच खाल्लाय.

असं दोन-अडीच वर्षं चाललं. त्यांची साखर उतरली. डॉक्टर खूश झाले. फुईचं वजन वाढलं.

गेल्या हिवाळ्यात, मिरचीच्या हंगामात, फुवांनी सकाळी नेहमीसारखी कणीक मळली. थंडी होती, म्हणून पातेलं खिडकीतल्या उन्हात ठेवलं. फुईला म्हणाले, “जरा पडस. पीठ वर ऊनं का उठाड.” आणि खाटेवर आडवे झाले. फुई भाजी निवडत होती. मधूनमधून फडकं उचलून बघत होती. पीठ वर आलं तशी ती खाटेपाशी गेली. “उठा,” म्हणाली, “वर ऊनं.” पुन्हा म्हणाली. मग तिने मला फोन केला. मी पोहोचलो तेव्हा ती त्यांच्या उशाशी बसली होती आणि डॉक्टर बाहेर शेठजींशी हळू बोलत होते. झोपेतच गेले होते.

विद्याताई पुण्याहून यायला निघाली. तोवर माणसं जमत गेली. कोरीटहून आमची मंडळी आली, एसटीतले जुने लोक आले. खिडकीतल्या पातेल्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पीठ फुगत फुगत काठावर आलं, काठावरून खाली उतरलं, ओट्यावर पसरलं. नात्यातल्या एका बाईने ते पाहिलं आणि टाकायला म्हणून पातेलं उचललं. तोपर्यंत फुई रडलीही नव्हती, बोललीही नव्हती.

“ठेव ते,” ती म्हणाली. “त्यासनं शे.”

सगळे एकमेकांकडे बघू लागले. घरात चूल पेटवायची नव्हती. शेवटी शेठजी पुढे आले. “भाभी, माले द्या,” म्हणाले, “मी भाजीसन लयस.” ज्या माणसाच्या घरात खमीर चालत नव्हतं, तो माणूस ते पातेलं दोन्ही हातांनी छातीशी धरून भर रस्त्याने बेकरीकडे गेला.

विद्याताई पोहोचल्यावर फुवांना नेलं. रात्री उशिरा आम्ही स्मशानातून परतलो, आंघोळी झाल्या. ओसरीवर शेठजी कागदात गुंडाळलेला पाव घेऊन बसले होते. तो बसका झाला होता, एका बाजूने जरा करपला होता. सुतकात गोड कसं खायचं, असं कुणीतरी म्हणालं. फुईने ते ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. तिने एक तुकडा मोडला आणि तोंडात घातला. ती सावकाश चावत होती, नेहमी चावायची तशी, समोर बघत. समोर खुर्ची रिकामी होती.

विद्याताई तिच्याजवळ सरकली. “माय,” तिने विचारलं, “कसं लागस?”

फुईने गिळलं. पदराने तोंड पुसलं आणि तिच्या कानाशी वाकली.

“आंबट व्हई गयं,” ती म्हणाली. “त्यासले सांगू नको.”